तेल कुठं जातं

दर तीन दिवसांनी अर्धा पेला.
म्हापशाच्या पायलट स्टँडवर सगळ्यांना ठाऊक झालं होतं:
माझी गाडी तेल पिते.
मिळाग्र म्हणाला, विकून टाक.
धाकू म्हणाला, पिस्टन गेला, लिहून घे माझ्याकडून.
आणि गिरीच्या टीचरबाई, माझं सकाळचं ठरलेलं भाडं,
चढावावर पदर नाकाला लावायच्या
आणि बोलायच्या काहीच नाहीत.
ते जास्त लागायचं.

शेवटी एका बुधवारी धंदा बुडवून
करासवाड्याला रुझार मेस्ताकडे गेलो.
त्यानं आधी गाडीकडे पाहिलंच नाही.
बिस्किटांचा खोका फाडून पुठ्ठा इंजिनाखाली सारला
आणि म्हणाला, जा, चहा घेऊन ये दोघांना.
आलो तर पुठ्ठा कोरा,
वरून एक मुंगी तेवढी चाललेली.
"सांडत नाही," तो म्हणाला. "म्हणजे जळतंय.
आत शिरतं कुठून, ते बघू."

धूर सकाळच्या पहिल्या किकला येतो, की रेस दिल्यावर?
उतारावर रेस सोडून परत दिलीस
की मागे निळं होतं?
मी म्हटलं, सगळीकडे होतं.
"सगळीकडे म्हणजे तू नीट बघितलेलंच नाहीस."

प्लग काढला. काळा, ओला,
भिजलेल्या काजळवातीसारखा.
त्याच्या भोकात गेज बसवला. मार किक.
काटा चढला, एका जागी थांबला.
चमचाभर तेल आत सोडलं. मार परत.
काटा तिथंच.
"रिंगा शाबूत आहेत. उगाच पिस्टनाला बदनाम केलंत."
मनात वजा केलेले चार हजार
मी गुपचूप परत खिशात घातले.
पण मग तेल?

एअर फिल्टरचं झाकण उघडलं
आणि ते काकवीसारखं ओघळलं.
फिल्टर पिळला असता तर घाणाभर भजी निघाली असती.
रुझार बराच वेळ गप्प.
एकेक बोट पुसलं, अंगठ्यासकट,
मग हळूच विचारलं:
"तेल बघतोस कसं?"

दाखवलं.
गाडी साइड स्टँडवर लावली, ती डावीकडे कलली.
काडी काढली, पुसली, बुडवली, वर धरली.
खुणेच्या खाली. नेहमीसारखं.
"बघ," मी म्हटलं, "कालच घातलंय."

तो उठला. दोन्ही हातांनी गाडी सरळ केली,
स्वतःच्या मांडीला टेकवून धरली.
"आता बघ."

खूण बुडालेली.
खुणेच्या वर दोन बोटं तेल.

मधला स्टँड तुटला तो चवथीच्या आदल्या आठवड्यात,
अस्नोड्याच्या गतिरोधकाला घासून.
वेल्डिंगचे दीडशे रुपये वाचवले.
तेव्हापासून रोज सकाळी मी कललेली गाडी मोजली,
कमी दिसलं म्हणून ओतलं.
जास्त झालेलं ती श्वासाच्या नळीतून ओकत राहिली,
ओकलेलं परत गिळून जाळत राहिली,
आणि धूर दिसला की मी
आणखी ओतलं.

रुझार हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.
खालचा नट सैल केला, जास्तीचं बाटलीत उतरवलं,
बूच लावून माझ्या हातात दिली.
"तुझंच आहे. दाराच्या बिजागऱ्यांना घाल."
मग पलीकडच्या वेल्डरला हाक मारली
आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
"नळीत साठलंय ते चार दिवस जळेल. धूर येईल.
घाबरून काही घालू नकोस."

आज तिसरा दिवस.
टीचरबाई उतरल्या, सुटे पैसे मोजून दिले.
गाडी मधल्या स्टँडवर, सरळ.
मागे अजून निळी रेघ आहे, बारीक.
बाटली हँडलच्या पिशवीत.
हात दोनदा तिकडे गेला.