खडूच्या डब्यातला मोबाईल

मंगळवारी मी मोबाईल
खडूच्या डब्यात उभा करून ठेवला
आणि दुसरी ब चा इंग्रजीचा तास घेतला,
नेहमीसारखा.
म्हणजे अगदी नेहमीसारखा नाही;
पहिली पाच मिनिटं
मी जरा जास्तच गोड होते.

आयान म्हणाला, बाई, कुणाला व्हिडिओ कॉल?
म्हटलं, मलाच.
वर्ग हसला.

घोलप सरांनी मधल्या सुट्टीत विचारलं,
याचं इन्क्रिमेंट मिळतं का?

रात्री ओटा पुसून झाल्यावर
कानात वायर घालून बसले.
शंभर पानी वही, मधोमध रेघ,
डावीकडे बाई, उजवीकडे मुलं.
कुणी बोललं की एक काडी,
चार झाल्या की पाचवी आडवी,
दूधवाल्याच्या हिशोबासारखी.

अर्ध्या तासातच बाईंचा रकाना भरला,
समासात शिरला.
मुलांच्या रकान्यात होतं ते
बरंचसं ‘येस टीचर’,
पाढ्याच्या चालीवर.
‘व्हेरी गुड’ मी एक्केचाळीस वेळा म्हटलं.
त्यातलं एक खिडकीतल्या कबुतराला मिळालं असणार,
कारण तेव्हा कुणीच काही बोललेलं नव्हतं.

मग माझं थांबणं मोजलं.
व्हॉट इज धिस?
आणि पुढे किती वेळ मी गप्प?
सेकंदसुद्धा भरेना.
एवढ्यात उतू जाणाऱ्या दुधाखालचा गॅस
माझ्याच्यानं बंद होत नाही;
आणि एवढ्यात त्या पोरांनी चित्र बघायचं,
घरचा शब्द आठवायचा, तो गिळायचा,
माझा शब्द शोधायचा, जिभेवर बसवायचा,
शेजारचा हसणार नाही ना
हेही बघून घ्यायचं,
आणि मग बोट वर करायचं.
तोवर मी उत्तर सांगून
पुढच्या पानावर.

महादेवी तळवार, खिडकीकडचा तिसरा बाक.
माझ्या नोंदवहीत जूनपासून चार वेळा
एकाच वळणदार अक्षरात:
बोलत नाही.
बाप धायरीच्या साइटवर फरशी बसवतो.
घरात कानडी, गल्लीत मराठी,
आणि पर्वती पायथ्याच्या या शाळेत
साडेदहा वाजले की मी.

अठराव्या मिनिटाला
माझ्याच ‘से अंब्रेला, से अंब्रेला’च्या खाली
काहीतरी सरपटलं.
मागे घेतलं. आवाज वाढवला.
पंख्याची करकर, भंगारवाल्याचा भोंगा,
आणि त्यातून, अगदी सावकाश:
कोडे.

कोडे?
मी वहीत लिहिलं, कोडं म्हणतेय. कसलं?
आणि झोप येईना.

सकाळी खिचडीच्या पातेल्याशी शालनमावशींना विचारलं.
त्या अक्कलकोटच्या.
डाव थांबवून म्हणाल्या,
कोडे म्हणजे छत्री की हो, बाई.
एवढं बी नाही ठाऊक?

नव्हतं.
एक्केचाळीस व्हेरी गुड,
त्यातलं एकही तिकडे गेलं नव्हतं.

बुधवारी चित्र नेलंच नाही.
माझी स्वतःची छत्री टेबलावर ठेवली,
प्रश्न विचारला
आणि ओठ मिटून आकडे मोजू लागले.
तीनला हात शिवशिवला.
चारला आयान म्हणाला, बाई विसरल्या.
पाचला कुणीतरी खुदकन हसलं.
सहा.
सात.
इतका शांत वर्ग मी कधी ऐकला नव्हता;
त्याला चुळबुळ होती, नाकं होती,
पाटीवर घासणारं नख होतं.

अकराला महादेवी उठली.
बोलली नाही.
टेबलापाशी आली, छत्री उचलली,
खटका दोनदा दाबून बघितला,
आणि उघडली.
एक काडी मोडकी होती, कापडाबाहेर आलेली.
ती तिनं बोटानं हळूच आत सारली
आणि माझ्याकडे बघत राहिली.

रात्री वही उघडली.
रकाने दोनच आखलेले,
आणि हातात ही एवढी एक काडी.