टिपाडातली मशीन

दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच हिरव्या रंगाच्या.
एक पाटबंधाऱ्याच्या लिलावातली,
दुसरी सोनबा भोकऱ्यांनी हैदराबादहून आणलेली
बसच्या टपावर, गोणपाटात.
कंडक्टरला सांगितलं, पिठाची गिरणी हाय.

येलदरी कॅम्पात, बंद राशन दुकानाच्या ओट्यावर
चाँदपाशा मिस्त्रींनी दोघींना शेजारी निजवलं,
कान लावून एकेकीचं चाक फिरवलं
आणि म्हणाले, इसका सर अच्छा है, उसके पावां.

मी बॅटरी धरायचो.
आणि नट मोजायचो, चहाच्या बशीत.
हरवला तर माझ्या नावावर.

डोकं म्हणजे इंजन, मुठीएवढे दोन पिस्टन.
पाय म्हणजे खालची नळी, तिच्यात उभा दांडा,
टोकाला पंखा, त्याचं एक पातं
कधीतरी खडकाला चावलेलं.
डोकं उचललं, पायांवर ठेवलं.
सहा बोल्ट, सहा भोकं, जुळली.
सोनबांनी विडी काढली.
डोकं मात्र बसेना.

पाशांनी दांड्यावर बोट फिरवलं,
अंधारात नाणं चाचपावं तसं.
दहा दात.
डोक्यातल्या घरात बारा.
मधल्या कुठल्याशा साली कंपनीनं
कुणाला न विचारता दोन दात वाढवले होते.
"आन् आमाला कळवलं न्हाई," सोनबा म्हणाले,
सोयरिकीत काही लपवल्यासारखे.

मग दांडाच बदलला. डोक्याचा दांडा डोक्यासोबत,
परक्या नळीत.
दात बसले. पण दांडा एक सूत लांब.

पाशा धरणाकडे पाहत बसले.
धरण म्हणजे तेव्हा लांबवर एक चकाकी,
अलीकडे गाळपेऱ्यात टरबुजं,
टरबुजांत कलती पडलेली सोनबांची नाव,
आणि पाणी मोजायची पट्टी, उताणी,
जाड पत्र्याची, पांढऱ्यावर काळे आकडे.
दोन वर्षं तिच्यापर्यंत पाणी आलंच नव्हतं.

"सरकारी हाय ती," मी म्हणालो.
"पानी आया तो लगा देंगे."

कापली, कानसली, भोकं पाडली.
बरोब्बर एक सूत.
आकडा आतल्या बाजूला गेला.
ट्रकच्या ट्यूबमधून पंपाचं फूल कातरलं, सहा पाकळ्यांचं,
आणि जास्वंदीसारखं ओठात धरून
पाशा खाली वाकले.

टिपाड भरायला अकरा घागरी.
हापशावरून गयाबाईनं आणल्या, मोजून.
बारावी डोक्यावरच ठेवून म्हणाली,
मशीन बुडाली तुमची, आता ही माणसांची.

दोरी ओढली. प्लग पुसला. ओढली.
सोनबांनी ओढली, मी ओढली,
पाशांनी कार्बोरेटरला आईवरून एक शिवी दिली,
पुन्हा ओढली.
सतराव्या ओढीला टिपाड हादरलं,
पाणी गरगरलं, काठावरून सांडलं,
बाजूच्या भोकातून बारीक धार सुटली,
कोंबड्या पळाल्या.
निळा धूर राशन दुकानाच्या फटीतून आत गेला,
तिथं तसंही काही नव्हतं.

उरलेलं पाशांनी पोत्यात बांधलं:
फुटकं डोकं, गंजके पाय, दहा दातांचा दांडा.
म्हणाले, ये भी पूरी मशीन है.
नुसती चालत नाही.

दर सोमवारी टिपाडात एकदा दोरी ओढायची,
पिस्टन चिकटू नये म्हणून.
असे किती सोमवार गेले, मोजले नाहीत.

पुढच्या भादव्यात वरच्या धरणानं दारं उघडली.
टरबुजांची जागा एका रात्रीत बुडाली.
आठवड्यानं पाटबंधाऱ्याचा मोजणीदार आला
वही घेऊन, पट्टी कुठाय विचारत.

सोनबांनी त्याला नावेत बसवलं.
तासभर आम्ही त्या जागेवरून फिरलो.
तो एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं वाकून
पाण्यात बघत होता,
आणि माझ्या हाताखाली, बोल्टांच्या मधोमध,
त्याचा आकडा थरथरत होता.

"लई खोल हाय," सोनबा म्हणाले.
त्यानं वहीत तेच लिहिलं.