कूस

आमच्या सोलापुरात वेळू उगवत नाही,
उतरतो.
पहाटे, ट्रकमधून, बुरूड गल्लीच्या तोंडाशी.
दोरखंड सुटले की घरंगळत येतो
आणि अख्खी गल्ली दचकून उठते,
भांडं पडल्यासारखी.

घरात आम्ही त्याला बिदिरू म्हणायचो.
पूर्व भागातले मागवाले वेदुरू म्हणायचे,
तेवढ्या फरकावरून
आमच्या-त्यांच्या पोरांची मारामारी व्हायची.
वखारवाला म्हणायचा कळक.
वेळू फक्त पुस्तकात होता, तिथं तो गायचा.
शाळेत बांबू लागला म्हणजे नापास.
बाप मात्र नुसतं ‘माल’ म्हणायचा :
माल ओला आहे, माल किडका निघाला,
माल आला नाही, चला, आज सिनेमा.

कोयता पहिल्या पेरावर अडतो.
तिथंच काय तो जोर लावायचा.
पुढची पेरं आपणहून फाटत जातात, फट् फट् फट्,
एक भांडण निघालं की जुनी सगळी निघतात तशी.
मी प्रत्येक पेरात डोकावून बघायचे.
काही नसायचं. कागदासारखी पांढरी साय,
आणि कोंडलेल्या हवेचा वास.

नागव्वा काकू सुपं विणायची.
तिच्या बोटात रोज कूस जायची,
काढायला मी, माझी नजर बारीक म्हणून.
“निघाली का?”
“मोडली काकू. अर्धी आत राहिली.”
“राहू दे. जिरते ती.”
कट्ट्यावरच्या बायका आवाज खाली करून
म्हणायच्या : चौदा वर्षं झाली,
कूस काही उजवली नाही हिची.
मला वाटायचं, याच कुसेचं चाललंय,
आणि मी सुई आणखी खोल घालायचे.

गल्लीतलं प्रत्येक मूल बाराव्या दिवशी
तिच्या सुपात निजलं.
सूप आधी जायचं. बोलावणं यायचं नाही.
द्यायच्या आधी ती ते उजेडाकडे धरायची,
कुठं फट राहिली नाही ना,
दोन बोटांनी वाजवायची,
आणि न्यायला आलेल्या पोराला म्हणायची,
“पैसे नंतर.”

नववीत हत्तुरे सरांनी फळ्यावर लिहिलं :
वंश म्हणजे कुळ. वंश म्हणजे वेळू.
मी पळत घरी आले, दप्तर पाठीवरच.
“काकू, वंश म्हणजे बिदिरू!”
तिनं चिरता चिरता वर पाहिलं.
भिंतीला टेकून साठ-सत्तर उभे होते,
काहींच्या शेंड्याला अजून पानं.
“होय का? मग तुझ्या काकाला सांग जा.
म्हणावं, वंश बुडाला नाही,
उन्हात वाळतोय.”
आणि कोयता खाली ठेवून हसली,
गल्लीभर ऐकू जाईल असं.
काका त्या दिवशी बाहेर आला नाही.

गड्ड्याच्या दिवसांत नंदीध्वज निघाले की
बाराबंदीतली माणसं, घुंगरं, धूळ,
आणि सगळी गर्दी हात जोडून वर बघणारी.
ती पण बघायची, ओठ हलवत.
जप असेल, मला वाटलं.
जवळ गेले तर पेरं मोजत होती.
“पेर लांब आहे,” म्हणाली.
“चांगल्या रानातला आहे. आणि तोडणाऱ्यानं
अमावास्या बघून तोडलाय.”
मग हात जोडले तिनं.
कुणाला, ते मी विचारलं नाही.

तिरडीच्या मालाला आमच्यात घासाघीस नसते.
रात्री-अपरात्री कडी वाजली
की बाप झोपेतच दोन लांब ओढायचा,
वरून आडव्यांना एक,
दिवासुद्धा न लावता.

ती गेली तेव्हा मात्र त्यानं दिवा लावला.
याला कीड आहे. हा बुडाला वाकडा.
हा कोवळा.
लोक खोळंबले. कुणीतरी म्हणालं,
अहो, तासाभराचं तर काम.
“तिनं बघितला असता,” बाप म्हणाला,
आणि ढिगातला आणखी एक उचलून
दोन बोटांनी वाजवला.