पाणी जोखणं

काटा म्हणाला, एकशे चार.
वार्लाम खूश झाला. तापानं फणफणलेला, ओठ फुटलेले,
तरी उशीवरून मान उचलून म्हणाला,
"अठ्ठ्याहत्तर साली एवढाच होतो.
तिबिलिसीला, शेवटच्या कुस्तीला. विचारा कुणालाही."
कुणाला विचारणार?
खोलीत मी, त्याची मुलगी म्झिया,
आणि सलाईनचा वाकडा स्टँड.

लघवीतून रक्तात शिरलेला जंतू,
चार औषधांना न जुमानलेला.
उरलं अमिकासिन. जुनं आणि हिशेबी.
कमी पडलं, तर जंतू दंड थोपटतो.
जास्त झालं, तर मूत्रपिंड जातं, कान जातात,
आणि गेलेले कान
कुताइसीच्या कुठल्याच दुकानात परत मिळत नाहीत.

पहिला डोस रात्रीच गेला होता, थांबायला वेळ नव्हता.
रात्रपाळीच्या पोरानं पुढच्यांचाही गुणाकार मांडून ठेवलेला,
एकशे चार गुणिले पंधरा, खाली दोन रेघा.
उत्तर बरोबर होतं.
मी कागद उलटा ठेवला.

कारण हे औषध पाण्यात राहतं.
चरबीच्या उंबऱ्यावर टेकतं जरासं,
आत मुक्कामाला जात नाही.
आणि काट्याला पाणी कळत नाही,
त्याला ओझं कळतं.

मग चिकटपट्ट्या: दोन हाताला, दोन पायाला.
मधून एक वीज, इतकी क्षीण
की तो विचारत राहिला, "सुरू कधी करणार?"
ती पाण्यातून पळते, चरबीपाशी अडखळते,
तिच्या अडखळण्यावरून मी ओळखायचं
माणूस आतून किती ओला आहे,
त्यातलं त्याचं पाणी किती,
आणि काल आम्हीच बाटल्यांनी ओतलेलं किती.

खडा पाहण्यासाठी काढलेला स्कॅनही होताच.
कमरेचा तिसरा मणका, तिथला आडवा काप.
जिथं दोरखंड असायला हवे होते
तिथं दोरखंडच होते, पण उसवलेले,
पेडापेडांतून लोणी भरलेलं.

आकडा त्याला सांगायला नको होता.
त्यानं म्झियाकडून काढून घेतला.
स्नायू, हाडं, पाणी मिळून त्रेसष्ट.
बाकी एक्केचाळीस.

बराच वेळ छताकडे बघत होता.
"म्हणजे एक्केचाळीस किलोंचा गडी
माझ्या छातीवर बसलाय.
आणि पंचांनी शिट्टीही वाजवली नाही?
कधी बसला हा?"

"आई गेली तेव्हापासून," म्झिया म्हणाली,
आणि खिडकीतून रिओनीकडे बघत राहिली,
नदीला आधीच सगळं ठाऊक असल्यासारखी.

मी डोस लिहिला. अकराशे ऐंशी.
चरबीला तिचा थोडासा वाटा देऊन,
सुजेच्या पाण्याला त्याचा.
रोज सकाळी रक्त काढलं, पातळी पाहिली,
एकदा वेळ लांबवली, एकदा माझीच बेरीज चुकली
ती रात्री दोनला, घरी, अंथरुणात आठवली,
आणि मी तशीच फोनकडे धावले.
(चूक लहान होती. हात मात्र सकाळपर्यंत थरथरत होते.)

सहाव्या दिवशी ताप उतरला.
तो म्हणाला, "डॉक्टरीणबाई, कान आहेत ना शाबूत?
मधमाश्या आहेत माझ्या, त्किबुलीच्या वर.
थंडीत पेटी उघडता येत नाही,
कान लावून ऐकावं लागतं, आत जिवंत आहेत का."
मी डॉक्टर नाही, औषधं मोजणारी आहे, हे मी सांगितलं.
त्यानं ऐकलं. हळू बोलले होते तरी.

जाताना त्रेसष्टाचा कागद घडी करून खिशात घातला.
"पुढच्या वेळी सत्तर करून आणतो,"
असं म्हणाला आणि दंड वाकवून दाखवला.
कातडी हलली फक्त.
पण म्झिया हसली,
अन् त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं,
जे माझ्या यंत्रात येणार नव्हतं.

फेब्रुवारीत फोन आला.
"ऐका," म्हणाला, आणि फोन पेटीला लावला असावा.
मला एक गुणगुण ऐकू आली,
किंवा तारेतली खरखर असेल.
"ऐकलंत?"
मी हो म्हटलं.