दोन चेंडू रेडिएटरवर

बाहेर उणे एकोणीस.
उतेनाच्या शाळेचा हा जुना हॉल
पहाटेपासून मी तापवतोय,
तरी लाकडी फरशीतून गारठा
बुटांचे तळवे चाटून जातोच.

चेंडू रात्रभर कोठीत होते.
आपटले तर गुडघ्यापर्यंतच उसळतात,
मरगळलेले.
दोन मी रेडिएटरवर ठेवतो.
नियमात बसतं की नाही, कुणी विचारलेलं नाही.

साडेपाचला स्काइस्ते येते, सगळ्यांच्या आधी.
हातमोजे दातांनी ओढून काढते.
लगेच नेम धरत नाही.
कडेकडेने धावते, पोटऱ्या ताणते,
खांदे फिरवते रहाटासारखे,
मग रिंगच्या अगदी खाली उभी राहून
एका हाताने, हळूच.
एक पाऊल मागे. पुन्हा.
आणखी एक.

लांबून टाकलेला पहिला रिंगला शिवतही नाही.
ती हसते. मीही.
आई म्हणायची, पहिलं धिरडं तव्याचं,
बटाट्याचं असो की कशाचं.
दहावा रिंगवर नाचून बाहेर.
पंधराव्यानंतर मी मोजायचं सोडतो.
नुसता जाळीचा आवाज,
ओलं कापड झटकावं तसा.
मनगट आता तिला काही विचारत नाही.

मीही चोविसाचा होतो एकदा.
वायदोतास सरांना घाई, मला गुर्मी.
थंड अंगानेच उडी मारली.
टाचेमागची शीर तुटल्याचा आवाज
बॉयलर पेटवताना अजून येतो कधी कधी.

सामना सुरू झाला आणि ती बाकावर.
पहिला डाव बाकावर. तिसराही.
खांद्यांवर जाकीट, बोटं काखेत.
कमावलेली ऊब किती वेळ पुरते
हे गुणफलकावर लागत नाही.
घाम आधी पाठीवर गार होतो.

बादली-पोछा घेऊन मी मागून गेलो,
रेडिएटरवरचा एक चेंडू तिच्या मांडीवर ठेवला.
तिने तो दोन्ही तळव्यांत धरला,
भट्टीतून काढलेल्या पावासारखा.
पंचांनी पाहिलं. मी फरशी पुसू लागलो.

शेवटची अकरा सेकंदं, एका गुणाने मागे.
"स्काइस्ते!"
जागच्या जागी तीन उड्या,
हातांवर एक फुंकर.

चार बोटं कमी पडला.
गाव गप्प घरी गेलं, बर्फात करकरत.

सोमवारी ती सव्वापाचलाच आली.
मी तीन चेंडू ठेवले होते.