उणे चिन्ह

काजूच्या सालीत जे तेल असतं
त्याची रचना मी शिकले एकोणिसाव्या वर्षी:
एक षटकोन, त्याला पंधरा कार्बनची शेपटी.
फळ्यावर काढताना सर म्हणाले, त्वचेला दाहक.
मी वहीत लिहून घेतलं
जसं काही मला माहीतच नव्हतं.

माझी आवस वेंगुर्ल्याच्या कारखान्यात बिया फोडायची.
राखेत बोटं बुडवून बाकावर बसायची,
पायानं दांडा दाबायचा, उजव्यानं गर उकरायचा.
रात्री भात कालवायची डाव्या हातानं,
उजव्याची कातडी निघालेली असे.
जवळ गेले की म्हणायची,
"तेल लागतला गो, लांब रव."

लांब राहिले नाही.
सव्वीस वर्षं त्याच तेलापासून
मी एक रेणू बांधत होते.
रेणू तसा एका स्पंजाचा, दीपगृहाच्या खडकांखाली
चिकटलेला असतो, वांग्याच्या रंगाचा.
तो हे काम एका रात्रीत करत असेल, कुणाला न विचारता.
आम्हाला एकवीस पायऱ्या लागल्या.

शंभरातले ऐंशी टिकले तर पायरी चांगली म्हणायची.
ऐंशीचे चौसष्ट, चौसष्टाचे एक्कावन्न,
पुढे मोजायचं मी सोडून दिलं.
रापणीचा वाटा असाच होतो:
जाळ्याचा, होडीचा, तांडेलाचा,
आणि शेवटच्या माणसाच्या टोपलीत
खाली लागलेले चार पेडवे.

लॅब म्हणजे कॉलेजमागची खोली, कौलांवर माकडं.
उणे वीस अंश हवे असत.
बर्फ बंदरावरचा, मीठ शिरोड्याच्या आगरातलं,
थर्मामीटर उणे अठराला अडून बसे.
चालेल, मी तसनीमला म्हणायचे,
दोन अंश देवाला.
ऑगस्टात मात्र काहीच करायचं नाही.
तेव्हा हवाच पाणी असते,
ओव्हनमधून काढलेली काच हातातच घामेजते.

नमुने एसटीनं पणजीला जात,
कागदात गुंडाळलेली कुपी, कंडक्टरच्या खिशात.
"काय आसा ह्येच्यात?"
"तीन महिने," तसनीम सांगायची.

अकरा मिलिग्रॅम.
पांढरं, मिठाच्या चिमटीएवढंसुद्धा नाही.
वर्णपट तंतोतंत, शिखरावर शिखर.
मग ध्रुवित प्रकाशाच्या नळीत घातलं.
स्पंजाचं: उणे सदतीस.
आमचं: अधिक सदतीस.
तसनीमनं नळी धुतली, वाळवली, पुन्हा भरली.
अधिक सदतीस.

चौथ्या पायरीवर बाजू निवडायची होती.
मूळ निबंधात तळटीप होती, बारीक अक्षरात:
डावा की उजवा, ठरवता आलेलं नाही.
चिंचेतल्या आम्लाची एक बाजू स्वस्त मिळते,
तिची आरशातली बहीण दसपट महाग.
आमचं अनुदान चिंचेपुरतंच होतं.

"मॅडम, मग हा कुणाचा?"
कुणाचाच नाही, मी म्हटलं.
स्पंजाला ठाऊक नाही, झाडाला नाही.
काल दुपारपर्यंत तो कुठेच नव्हता.
तिनं मान हलवली आणि पंखा बंद केला,
पूड उडू नये म्हणून.

त्याच आठवड्यात आवशीला रेशनवर नेलं.
यंत्राला तिचा उजवा अंगठा दिसेना.
पदराला पुसला, थुंकी लावली,
रेषाच नाहीत तर काय दिसणार.
दुकानातला झिलू म्हणाला, काकी, डावो लाय.
हिरवा दिवा लागला.
ती माझ्याकडे बघून हसली
चोरून काहीतरी मिळाल्यासारखी.

निबंध छापून आला, चार पानी, लहानशा नियतकालिकात.
शीर्षकात एक शब्द जास्तीचा: विरुद्ध.
कुणी पत्र पाठवलं नाही.
तसनीम आता अंकलेश्वरला, रंगाच्या कंपनीत.

अकरातले नऊ मिलिग्रॅम अजून फ्रीजमध्ये आहेत,
लेबलवर तिचं अक्षर, खाली तेलाचा डाग.
निवृत्तीच्या दिवशी चाव्या देताना
नव्या मुलाला एवढंच सांगितलं:
वीज गेली तर बर्फ आण, बंदरावरचा.
मीठ खालच्या कपाटात आहे.