विचारलं तरच सांगायचं

महिन्यातून एका रविवारी मी आजारी पडतो,
सक्करदऱ्यात, सुट्टीत बंद असलेल्या शाळेच्या पाचवी ब मध्ये,
दोनशे रुपये आणि एक प्लेट तर्री पोह्यांच्या बदल्यात.
मार्चमध्ये माझा पाय मोडला.
एप्रिलमध्ये गळ्यात शेंगदाणा अडकला.
आज काय, ते कार्डावर आहे:
पुरुष, चोपन्न. सकाळी इन्सुलिन घेतलं, जेवला नाही.
खाली लाल शाईत, शिरभाते मॅडमच्या अक्षरात:
विचारलं तरच सांगायचं.

मॅडम मेयोच्या कॅज्युअल्टीत एकतीस वर्षं उभ्या होत्या.
आता खुर्चीवर बसतात, पण बसल्यासारख्या वाटत नाहीत.
मांडीवर चोवीस रकान्यांची यादी, गळ्यात स्टॉपवॉच.
रोशनी माझ्या कपाळावर बाटलीतून घाम मारते
आणि मे महिन्यात तो मिनिटभरात वाळतो.
ती परत मारते. कूलर नुसता आवाज करतो.

पहिली गजभियेंची तन्वी, बी. फार्मचं दुसरं वर्ष.
दारातच थांबून म्हणाली, जागा सुरक्षित आहे.
हातमोजे, स्वतःचं नाव, संमती, नाडी,
सगळं पाढ्यासारखं, कुठेही न अडखळता.
मग तिनं खिडकीबाहेर पाहिलं, पंचेचाळीस डिग्री,
आणि ठरवलं, ऊन लागलं.
ओला टॉवेल इतका गार होता
की क्षणभर मी बडबडायचंच विसरलो.

पोस्टातून रिटायर झालेले बुटले काका
गुडघे धरत खाली बसले. त्यांनीही मला ऊनच लावलं.
खिशातून कांदा काढला, स्वतःचा, रोजचा.
मॅडमनी पेन्सिलीचं टोक चावलं.

जमिनीवरून माणसं वेगळी दिसतात.
नाकपुड्या दिसतात, शर्टाचं लोंबणारं बटण,
आणि ज्याला काही सुचत नाही
त्याच्या घशातली ती गोटी, वर, खाली.
मी डोळे अर्धे मिटून पडून असतो
पोटातलं उत्तर सांभाळत.
सगळे हात लावून बघतात.
विचारत कोणी नाही.

अकरावा नंबर हेमराज पराते, ऑटोवाला,
खाकी शर्ट, पाच मिनिटं उशीर.
जागा सुरक्षित आहे का, पाहिलं नाही.
हातमोजे टेबलावरच राहिले.
सरळ उकिडवा बसला, माझ्या गालावर थापटलं
आणि दुपारी कोणीही कोणालाही विचारतं तसं म्हणाला,
"काका, जेवले काय तुम्ही?"

आलेलं हसू मी कण्हण्यात लपवलं.
"नाही."
"अन् शुगरची सुई गिई घेता काय?"
"सकाळी घेतली."
"अरे बाप्पा," म्हणत तो उठला
आणि टेबलावरचा उसाचा रस घेऊन आला.
मॅडमचा. अर्धा प्यालेला.
"गिळता येते ना? हळू घ्या. मी धरून राहिलो."
ग्लास माझ्या ओठांना लागला तेव्हा
त्याचा हात थरथरत होता, माझा नाही,
आणि थरथरायचं तर मला होतं, कार्डाप्रमाणे.

चोवीसपैकी तेरा. पंधराला पास.
तन्वीला एकोणीस.
मी पोहे खात होतो, रुग्णाला मत नसतं.
मॅडमनी त्याला एकेक रकाना दाखवला, आवाज न चढवता:
रक्त असतं तर? खाली तुटलेली वायर असती,
तर मी दोघांना उचललं असतं, पराते. उचललेत मी.
त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.
"होय ना मॅडम," तो म्हणाला, "येतो जूनमध्ये,"
आणि सवारी आहे म्हणून निघाला.

नंतर मॅडमनी पट्टी शोधली, सापडली नाही,
म्हणून यादीच्या तळाशी हातानेच एक रेघ ओढली, वाकडी.
तिच्याखाली बराच वेळ काही लिहिलं नाही.
मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या,
"तो परत आला तर हे कार्ड चालणार नाही."

जूनमध्ये बहुतेक मी भाजणार आहे.